चालणं ठीक आहे, पण दिवस कसा जातो?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एमएस म्हणतात तो मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, मोजायला जगभर ईडीएसएस नावाची एक पट्टी वापरतात. जॉन कर्ट्झके या अमेरिकी मज्जातंतुतज्ज्ञांनी १९८३ मध्ये ती आजच्या रूपात मांडली. तपासणीत काहीच दोष नसेल तर ०, आणि या आजाराने मृत्यू आला तर १०. आकडा ४ च्या वर गेला की तो जवळजवळ फक्त चालण्यावर ठरतो. आधाराशिवाय ५०० मीटर जमत असेल तर ४, शंभरेक मीटरला काठी लागत असेल तर ६, चाकाच्या खुर्चीवर दिवस जात असेल तर ७. औषधांच्या चाचण्यांसाठी ही पट्टी उपयोगी आहे, यात शंका नाही. पण रात्री चारदा लघवीला उठणारी, दुपारी दोननंतर डोळे उघडे ठेवणं जड जाणारी, बोलता बोलता पुढचा शब्द हरवणारी बाई या पट्टीवर खालच्या आकड्यांतच राहू शकते, कारण तिचं चालणं ठीक असतं. जे मोजलं जात नाही ते विचारलं जात नाही, आणि जे विचारलं जात नाही त्यावर उपचारही होत नाही.

एमएसच्या उपचारात दोन वेगळी कामं आहेत. मेंदूत आणि मज्जारज्जूत नवी इजा होऊ न देणं हे पहिलं. आधी होऊन गेलेल्या इजेसह रोजचं जगणं सुसह्य करणं हे दुसरं. पहिल्या कामात गेल्या तीस वर्षांत मोठी मजल मारली गेली. दुसऱ्या कामात औषधं कमी पडतात त्यापेक्षा प्रश्नच कमी विचारले जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय या आजाराच्या तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असतात. थकव्याचं मूळ मूत्राशयात सापडतं, पायाच्या ताठरपणाचं मूळ बद्धकोष्ठतेत. प्रत्येक तक्रारीला एक गोळी देत गेलं की गोळ्यांची संख्या वाढते आणि माणूस आहे तिथेच राहतो.

आधी पहिल्या कामाबद्दल. या आजारात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की संदेश मंदावतात किंवा वाटेतच थांबतात. हल्ला डोळ्याच्या नसेवर झाला तर दृष्टी अंधुक होते, मज्जारज्जूवर झाला तर पाय जड होतात, मेंदूच्या देठाशी झाला तर एकाचे दोन दिसतात. सुरुवातीच्या काळात अटॅक आला, म्हणजे अशा तक्रारी एकदम उसळल्या, तरी माणूस बराचसा सावरतो. सूज ओसरते, थोडं मायलिन पुन्हा तयार होतं आणि मेंदू दुसऱ्या वाटांनी काम भागवतो. मात्र ही राखीव ताकद अमर्याद नसते. म्हणून ‘आता बरं वाटतंय, बघू नंतर’ हे धोरण या आजारात महागात पडतं.

‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो असं दिसलं. पण हा विषाणू बहुतेक सगळ्या प्रौढांच्या शरीरात असतोच आणि त्यांतल्या अगदी थोड्यांना एमएस होतो. विषाणूच्या जोडीला आनुवंशिक कल लागतो, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा यांचाही वाटा असतो. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे: सिगारेट. ती चालू ठेवली तर आजार लवकर पुढे सरकतो, आणि निदानानंतर सोडली तरी फायदा होतो.

आजाराला आवर घालणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, १९९३ मध्ये आलं. त्याने अटॅकचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी होई. २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही पहिली गोळी आली. नॅटालिझुमॅबने अटॅक दोन तृतीयांशांहून जास्त कमी झाले. बी-पेशींवर (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या एका जातीच्या पेशींवर) काम करणारं ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये आलं. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएससाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. सौम्य औषधाने सुरुवात करून गरज पडली तर जोरदार औषधाकडे जायचं, ही जुनी पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. मज्जारज्जूत डाग (एमआरआयमध्ये दिसणाऱ्या इजेच्या खुणा) असतील, पहिल्याच एमआरआयमध्ये डाग बरेच असतील किंवा पहिल्या अटॅकमधून माणूस नीट सावरला नसेल, तर सुरुवातच प्रभावी औषधाने करावी या मताचा मी आहे. गेलेला मज्जातंतू नंतर कोणतंही औषध परत आणत नाही.

या औषधांची खरी अडचण अशी की ती लागू पडत आहेत हे अंगाला जाणवत नाही. जुने डाग जसेच्या तसे राहतात, थकवा जात नाही, पायाची बधिरता जात नाही. मग सहा महिन्यांनी माणूस म्हणतो, काहीच फरक नाही, आणि औषध बंद करतो. फरक म्हणजे काय ते आधीच सांगितलेलं नसतं. इथे यश म्हणजे नवा अटॅक न येणं आणि एमआरआयमध्ये नवा डाग न दिसणं. औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय करून ठेवावा आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी. नाहीतर औषधाचा असर सुरू होण्याआधी पडलेला डाग औषधाच्या माथी मारला जातो आणि चांगलं औषध उगाच बदललं जातं. काही औषधं मनानेच थांबवणं तर धोक्याचं असतं. नॅटालिझुमॅब किंवा फिंगोलिमॉड अचानक बंद केलं तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. फिंगोलिमॉडच्या पहिल्या गोळीनंतर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सहा तास देखरेखीखाली बसवतात. मध्ये दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर पुन्हा सुरू करताना ही देखरेख परत लागते.

औषध सुरू करण्याआधीच्या तपासण्या घाईत उरकू नयेत. हिपॅटायटिस बी, क्षयरोग, कांजिण्यांची प्रतिपिंडं, लिम्फोसाइट पेशींची संख्या, यकृताची तपासणी आणि बी-पेशींवरचं औषध असेल तर इम्युनोग्लोब्युलिनची पातळी. लसी आधी घ्याव्यात. ऑक्रेलिझुमॅबच्या बाबतीत जिवंत विषाणूची लस निदान चार आठवडे आधी आणि इतर लसी शक्यतो दोन आठवडे आधी. नॅटालिझुमॅब असेल तर जेसी विषाणूची तपासणी दर सहा महिन्यांनी, कारण या विषाणूमुळे होणारा मेंदूचा पीएमएल नावाचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. डायमिथाइल फ्युमरेट या एमएसच्या गोळीने तोंड लाल होतं, पोट बिघडतं आणि पहिल्याच महिन्यात लोक ते सोडून देतात. पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दोनदा, मग २४० मिलिग्रॅम दोनदा, आणि नेहमी भरल्या पोटी, एवढ्यानेच बऱ्याच जणांचा त्रास आटोक्यात येतो. इंटरफेरॉनच्या तापासारख्या कणकणीला इंजेक्शन संध्याकाळी घेणं आणि सोबत पॅरासिटामॉल हा साधा उपाय आहे. सिरिंज फ्रिजमधून अर्धा तास आधी काढावी आणि टोचण्याची जागा दर वेळी बदलावी.

आणखी एक, निदानाबद्दल. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा दिसायला एमएससारखा पण वेगळा आजार आहे. त्यात अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. एमएसची काही औषधं, विशेषतः इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब, एनएमओमध्ये उलट अपाय करतात. दोन्ही डोळ्यांची दृष्टी एकदम खूप गेली असेल, मज्जारज्जूत तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब डाग असेल किंवा दिवसचे दिवस न थांबणारी उचकी आणि उलटी झाली असेल, तर ही रक्ततपासणी झाल्याशिवाय एमएसचं औषध सुरू करू नये.

आता अटॅकबद्दल. नवी तक्रार किंवा जुनीच तक्रार पुन्हा जोराने येणं, ती किमान २४ तास टिकणं, आधीच्या अटॅकपासून निदान ३० दिवस झालेले असणं आणि ताप किंवा संसर्ग नसणं: एवढं जुळलं तर तो खरा अटॅक. यातली शेवटची अट सगळ्यांत जास्त विसरली जाते. लघवीचा संसर्ग झाला की जुन्या डागांच्या तक्रारी जशाच्या तशा वर येतात, पाय लुळे पडतात, आणि स्टिरॉइड चढवलं जातं. म्हणून स्टिरॉइडआधी लघवीची तपासणी झालीच पाहिजे. खऱ्या अटॅकमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस सलाईनमधून देतात. तेवढ्याच ताकदीचा डोस पोटातून दिला तरी परिणाम सारखाच येतो, हेही चाचण्यांत दिसलं आहे. स्टिरॉइडने माणूस लवकर सावरतो. पण शेवटी किती सावरणार, हे त्याने फारसं बदलत नाही. त्यामुळे हाताला थोड्या मुंग्या आल्या एवढ्यासाठी स्टिरॉइड घ्यायलाच हवं असं नाही. घेतलं तर सकाळी घ्यावं, नाहीतर रात्रभर झोप लागत नाही. तोंडाला धातूची चव येते, साखर वाढते, कधी मन विलक्षण उत्तेजित किंवा चिडचिडं होतं. हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं की निम्मी घबराट टळते.

उष्णतेचा त्रास याच्या जवळचाच. डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेल्या रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. कारण श्रम नसून वाढलेलं तापमान आहे, हे नंतर कळलं. मायलिन गेलेला तंतू जेमतेम संदेश नेत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी ते काम थांबू शकतं. थंड झालं की पुन्हा सुरू होतं आणि नवी इजा काही होत नाही. हे नीट समजलेलं नसलं की लोक व्यायाम कायमचा सोडतात, आणि ते नुकसान उष्णतेपेक्षा मोठं असतं. व्यायामाआधी गार पाण्याने अंघोळ, व्यायाम करताना थंड पाण्याचे घोट, मानेवर ओला रुमाल, पंख्यासमोर बसून चालवायची सायकल, एवढं बहुतेकांना पुरतं. गरम पाण्याची अंघोळ करायचीच असेल तर ती बसून करावी आणि त्यानंतर लगेच बाहेर पडायचं नसेल अशा वेळी करावी.

थकव्यावर मात्र जरा थांबून लिहायला हवं. एमएसमधली ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार, आणि घरातल्या माणसांना सर्वांत कमी कळणारी. रात्रभर झोपून सकाळी उठल्यावरही अंगातून बळ काढून घेतल्यासारखं वाटतं. आदल्या दिवशी काही केलेलं असो वा नसो. आळस आणि हा थकवा यांतला फरक बाहेरून दिसत नाही.

थकवा आहे म्हटल्यावर गोळी लिहून देणं सोपं असतं. अमांटाडीन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट ही तीन औषधं वर्षानुवर्षं दिली जातात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४१ रुग्णांनी ही तिन्ही औषधं आणि एक निष्क्रिय गोळी आळीपाळीने घेतली. थकवा कमी करण्यात तिन्हींपैकी एकही औषध त्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त झाले. एखाद्याला एखादं औषध खरंच लागू पडत असेल तर ते काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात तिथून करू नये.

सुरुवात करायची ती थकवा कुठून येतो हे शोधण्यापासून. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ‘ब१२’ जीवनसत्त्व ही रक्ततपासणी. झोपेत घोरणं आणि श्वास अडखळणं आहे का. नैराश्य आहे का. रात्री पायात गोळे येतात का. आणि कोणती औषधं चालू आहेत: बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, सगळी गुंगी आणणारी. एका ओळीत घडणारी साखळी पाहा. मूत्राशय नीट रिकामं होत नाही, म्हणून रात्री चारदा उठावं लागतं. झोप तुटते, म्हणून दिवसा हालचाल कमी होते. हालचाल कमी झाली की पाय ताठरतात. ताठरपणासाठी बॅक्लोफेन वाढवतात आणि त्याच्या गुंगीने थकवा आणखी वाढतो. मग थकव्याची गोळी येते, ती दुपारनंतर घेतली तर उरलीसुरली झोपही जाते. या साखळीत दोन औषधं वाढली आणि मूत्राशयाकडे कुणी पाहिलंच नाही.

इतर कारणं दूर केल्यावरही जो उरतो तो आजाराचा स्वतःचा थकवा. त्यावर दोन गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. पहिली, दिवसाची आखणी. एक आठवडा दर तासाला काय केलं आणि थकवा ० ते १० पैकी किती होता हे लिहावं. आठवड्याच्या शेवटी एक नमुना दिसतो: बहुतेकांची सकाळ चांगली असते, काहींचा तासाभराच्या प्रवासातच दिवस संपतो. मग डोकं लागणारं काम चांगल्या वेळात, आणि विश्रांती थकण्याच्या आधी. हा ‘आधी’ फार महत्त्वाचा. पार गळून गेल्यावर घेतलेली दोन तासांची झोप जे देत नाही, ते आधी घेतलेली पंधरा मिनिटांची विश्रांती देते. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र सर्रास दिसतं. ते मोडायचं तर चांगल्या दिवशीही थांबायला शिकावं लागतं, आणि ते वाईट दिवशी थांबण्यापेक्षा अवघड आहे. लहान गोष्टींनी बराच फरक पडतो: भाजी बसून चिरणं, अंघोळीला स्टूल, रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवणं.

दुसरी गोष्ट व्यायाम. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठी २०१३ मध्ये कॅनडात तयार झालेली शिफारस अशी: आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असा व्यायाम, आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा. ज्याला पाच मिनिटं जमतात त्याने पाच मिनिटांपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवावीत. व्यायामानंतर वाढलेल्या मुंग्या तासाभरात ओसरल्या तर काळजी नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकल्या तर पुढच्या वेळी थोडं कमी करावं, बंद करू नये.

आता मूत्राशय, ज्याबद्दल लाजेने कुणी बोलत नाही. बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एकात मूत्राशय लघवी साठवू देत नाही, थोडी भरली की आकुंचन पावतं. दुसऱ्यात ते पूर्ण रिकामं होत नाही. अनेकांत दोन्ही एकत्र असतात, कारण मूत्राशय आकुंचन पावतं त्याच वेळी तोंडाशी असलेली झडपही आवळली जाते. गंमत अशी की दोन्हींत तक्रार एकच: वारंवार जावं लागतं आणि धीर धरवत नाही. नुसतं विचारून यातलं काय ते कळत नाही. त्यासाठी लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीने आत किती उरली ते मोजावं लागतं. दहा मिनिटांचं काम. ते न करता ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिन सुरू केलं आणि आत १५० मिलिलिटर उरत असेल, तर औषधाने मूत्राशय आणखी सैलावतं, आणखी लघवी साठते, संसर्ग होतो आणि पाय ताठरतात. साधारण १०० मिलिलिटरच्या वर उरत असेल तर आधी ते रिकामं करण्याची सोय हवी.

ती सोय म्हणजे स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालणं. नाव ऐकूनच लोक नकार देतात. पण शिकल्यावर त्याला पाच मिनिटं लागतात आणि रात्रीची झोप परत मिळते. हात साबणाने धुवायचे, जागा स्वच्छ करायची, वरून वंगण असलेली एकदा वापरायची नळी घ्यायची. बायकांनी सुरुवातीला आरसा ठेवावा, पुढे बोटाने जागा कळते. नळी सावकाश आत सरकवायची, लघवी सुरू झाली की आणखी दोनेक सेंटिमीटर. प्रवाह थांबल्यावर नळी थोडी थोडी बाहेर घेत जायचं, म्हणजे तळाशी राहिलेलीही निघते. अडलं तर जोर करायचा नाही. खोल श्वास घ्यायचा, खोकायचं, झडप सैल होते. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरहून जास्त साठू नये, या हिशेबाने दिवसातल्या वेळा ठरवायच्या. ज्यांना हाताच्या कंपामुळे किंवा दृष्टीमुळे जमत नाही त्यांना घरच्या माणसाची मदत किंवा वेगळा मार्ग लागतो. तसं मोकळेपणाने सांगावं.

वारंवार जावं लागतं म्हणून पाणी कमी पिणं ही सर्वांत सार्वत्रिक चूक. घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते, संसर्गाला वाव देते आणि बद्धकोष्ठता वाढवते. दिवसाला दीड ते दोन लिटर घ्यावं, फक्त झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी. चहा-कॉफीने घाई वाढत असेल तर तीन दिवस बंद करून पाहावं. औषधांपैकी ऑक्सिब्युटिनिनच्या जातीची औषधं स्मरणशक्तीवर परिणाम करतात. ज्यांना आधीच विसरायला होतं त्यांच्यासाठी मिराबेग्रॉन बरं, फक्त रक्तदाब पाहावा. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. असर साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, पण त्यानंतर काहींना कॅथेटर घालावं लागतं. म्हणून ते आधी शिकून घ्यावं.

बद्धकोष्ठतेसाठी जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी रोज ठरावीक वेळी बसणं, कारण तेव्हा आतडं आपोआप हलतं. पायाखाली छोटं स्टूल, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. हे साधं वाटतं, पण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि पायांचा ताठरपणाही वाढवतं, हे लक्षात ठेवावं.

ताठरपणा अचानक वाढला तर गोळी वाढवण्याआधी शोधायचं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, त्वचेवर फोड किंवा जखम, अंगठ्याचं आत वाढलेलं नख, घट्ट बूट. बधिर पायाला दुखत नाही, पण मज्जारज्जूला ती टोचणी पोचते आणि पाय आवळला जातो. औषधांत बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून काही दिवसांच्या अंतराने वाढवतात. एकदम बंद कधीच करायचं नाही, झटके आणि भास होऊ शकतात. प्रवासाला निघताना जास्तीचा साठा हातातल्या पिशवीत असावा. आणखी एक बारकावा: कमकुवत पायाला कधीकधी ताठरपणाच उभं ठेवत असतो. डोस वाढवल्यावर पाय मऊ पडून माणूस कोसळू लागला तर डोस जास्त झाला. ताठरपणाचंच दुसरं औषध, टिझानिडीन, घेणाऱ्यांनी यकृताची तपासणी करत राहावी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक अजिबात घेऊ नये. त्याने टिझानिडीनची रक्तातली पातळी कित्येक पट वाढून रक्तदाब धोकादायक खाली जातो. लघवीच्या संसर्गाला हेच प्रतिजैविक सर्रास दिलं जातं, आणि लिहून देणाऱ्याला टिझानिडीनची माहिती असेलच असं नाही. चालू औषधांची चिठ्ठी सोबत ठेवणं यासाठीच.

चालण्याबद्दल थोडक्यात. काठी कमकुवत पायाच्या विरुद्ध हातात धरायची. सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची हवी. पंजा उचलला जात नसेल तर घोट्याचा पट्टा किंवा नसेला विजेचा हलका धक्का देऊन पंजा उचलणारं उपकरण वापरता येतं. चालणं सुधारण्यासाठी फॅम्प्रिडीनची १० मिलिग्रॅमची गोळी दर बारा तासांनी घेतात. ती साधारण एक तृतीयांश लोकांनाच लागू पडते, म्हणून सुरू करण्याआधी आणि दोन आठवड्यांनी २५ फूट चालायला लागणारा वेळ मोजायचा, फरक नसेल तर थांबवायची. गोळी तोडायची नाही, चुकली तर दुप्पट घ्यायची नाही. ज्यांना फिट येऊन गेली आहे किंवा मूत्रपिंड कमकुवत आहे त्यांनी ती घेऊ नये. चाकाच्या खुर्चीला लोक हार समजतात. मला तसं वाटत नाही. लांबच्या अंतरासाठी खुर्ची वापरून जो पोचल्यावर ताजातवाना असतो, तो उरलेली शक्ती माणसांत घालवू शकतो.

स्मरण आणि विचारांचा वेग सुमारे निम्म्या रुग्णांत कमी होतो. चिन्हं आणि आकडे जुळवण्याची एक चाचणी ९० सेकंदांत होते आणि वर्षाला एकदा करण्याजोगी आहे. नोकरी टिकण्याचा प्रश्न बऱ्याचदा पायांपेक्षा इथे अडतो. एका वेळी एक काम, आवाज बंद असलेली जागा, सगळं लिहून ठेवणं, हे उपाय गोळीपेक्षा जास्त कामाचे. नैराश्य आयुष्यात कधी ना कधी जवळजवळ निम्म्यांना गाठतं. ते ‘एवढा आजार आहे, वाईट वाटणारच’ म्हणून सोडून देऊ नये. त्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही लागू पडतात. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार येत नाही.

मूल हवं असेल तर एमएस आडवा येत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अटॅक खूप कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढले, असं दिसलं. गरोदर राहण्याआधी कोणतं औषध कधी थांबवायचं हे ठरवणं महत्त्वाचं. टेरिफ्लुनोमाइड हे एमएसचं औषध शरीरात दीर्घकाळ राहतं आणि गर्भाला अपाय करू शकतं, म्हणून ते वेगळं औषध देऊन ११ दिवसांत शरीराबाहेर काढावं लागतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत रात्री बाळाला दुसऱ्या कुणी घ्यावं, ही व्यवस्थाही आधीच लावावी.

आजार पुढे गेल्यावर काळजी घेणाऱ्याच्या हातांवर बरंच अवलंबून असतं. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यावं, अंथरुणात साधारण दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू रोज एकदा उजेडात पाहावी. दाबल्यावर न फिकटणारा लालपणा ही जखमेची सुरुवात असते. पाणी पिताना ठसका लागू लागला तर स्पीच थेरपिस्टकडे गिळण्याची तपासणी करून घ्यावी, हनुवटी थोडी खाली धरून गिळणं अनेकांना सोयीचं जातं. माणसाला उचलताना काखेत हात घालून ओढू नये. त्याचा खांदा निखळतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. कमरेला पट्टा बांधावा, खुर्ची बिछान्याला तिरकी लावावी, चाकांना ब्रेक लावावा, पाऊलपट्ट्या बाजूला कराव्यात, आणि ‘तीन’ म्हटल्यावर दोघांनी एकदम हलावं. ही पद्धत फिजिओथेरपिस्टकडून घरीच, त्याच बिछान्यावर शिकून घ्यावी, आणि घरातल्या एकाला नाही तर निदान दोघांना यावी, म्हणजे पहिल्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेता येते.